राम कोणाकडे?

सावंतवाडीचा गंजिफा बहुतेकांनी चौकटीत पाहिलेला असतो. काचेमागे दहा गोल पानं, दहा अवतार, भोवती वेलबुट्टी. कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या कार्यालयात, कधी विमानतळावरच्या दुकानात. पाहणारा म्हणतो, किती सुंदर रंगकाम! ते सुंदर असतंच. पण हे एकशेवीस पानांच्या खेळातलं एक पान आहे, ते हातात धरायचं असतं, उतरायचं असतं, गमवायचं असतं, हे त्याला कुणी सांगत नाही. सावंतवाडीत जन्मलेली आणि इथल्याच शाळांत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई म्हणून मला हे सांगावंसं वाटतं. गंजिफाची कला वाचली, त्याचा मला अभिमान आहे. खेळ मात्र आपण अजून वाचवलेला नाही.

मी गंजिफा प्रथम पाहिला तो खेळ म्हणूनच. आमचे आजोबा, आम्ही त्यांना आजो म्हणत असू, पावसाळ्यात दुपारी पडवीत खेळायला बसत. शेतीची लावणी आटोपलेली, आषाढ-श्रावणातला पाऊस कौलांवर धरलेला, बाहेर पडायची सोय नाही. दोन शेजारी यायचे. एक देवळातले पुराणिक, दुसरे सेवानिवृत्त कारकून. चटईवर जुनं धोतर अंथरलं जाई, आजी भाजलेल्या आठळ्यांची पाटी ठेवून जाई, आणि लाकडी डब्याचं सरकतं झाकण उघडलं की लाखेचा वास यायचा. एकशेवीस गोल पानं आपल्या बावन्न पानांसारखी हातात पिसता येत नाहीत. ती पालथी करून धोतरावर पसरायची आणि दोन्ही तळहातांनी चाळवायची. मग वाटणी. पानं लावून झाली की कुणीतरी विचारायचं, "राम कोणाकडे आसा?" खेळाची सुरुवात या प्रश्नानं होत असे.

कारण दिवसा खेळताना पहिली उतारी ज्याच्याकडे रामाचा राजा आहे त्याची. रात्री खेळत असाल तर तो मान कृष्णाचा. सूर्यवंशी राम दिवसाचा, चंद्रवंशी आणि मध्यरात्री जन्मलेला कृष्ण रात्रीचा. असा नियम करणाऱ्याच्या जिभेवर पत्ते आणि पुराण दोन्ही एकत्र होते, असं मला नेहमी वाटतं.

दशावतारी गंजिफात दहा रंग, म्हणजे दहा अवतार: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येक रंगात बारा पानं. एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. राजाच्या पानावर अवतार स्वतः विराजमान असतो. खालच्या पानांवर त्याची खूण मोजून काढलेली असते. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू, रामाचे बाण, बुद्धाची कमळं, कल्कीच्या तलवारी. खुणा प्रांताप्रांतांत थोड्या बदलतात. राणी नाही, गुलाम नाही, जोकर नाही. दहाही रंगांची पार्श्वभूमी वेगवेगळ्या रंगाची असते, आणि ती शोभेसाठी नाही. हातातली चाळीस पानं पंख्यासारखी धरली की प्रत्येकाची नुसती कड दिसते. त्या कडेवरून पान ओळखता आलं पाहिजे.

तिघांना चाळीस-चाळीस पानं, खेळ उजवीकडून फिरणारा. हुकमाचा रंग नाही. रामवाला रामाबरोबर एक हलकं पानही उतरवी आणि बाकीचे दोघे दोन-दोन निकामी पानं टाकीत, असं आमच्या पडवीत चाले. पुढे ज्याचा हात त्याची उतारी. सगळी कसोटी एकाच गोष्टीची: या रंगात आता शिल्लक राहिलेलं सर्वांत मोठं पान कुठलं, आणि ते कोणाकडे आहे? राजा जाईपर्यंत प्रधान अडकलेला. राजा गेला की प्रधान मोकळा. प्रधानही गेला की मग कोण? इथे गंजिफा नवख्याला पुरता गोंधळात टाकतो, कारण पाच अवतारांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, दश्शी सर्वांत हलकी. म्हणजे दहा रंगांचे हिशेब डोक्यात चालू ठेवायचे आणि त्यांतले पाच उलट मोजायचे. लिहून ठेवायची सोय नाही. पुराणिकबुवांना शेवटच्या दहा पानांत समोरच्याकडे काय उरलंय ते बहुतेक वेळा नेमकं सांगता येई, आणि ते पान पडलं की आजो मांडीवर थाप मारीत. हरल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर मी पाहिलं नाही. दुसऱ्याची स्मरणशक्ती पाहण्याचा आनंद मात्र त्यांना अपार होता.

पत्ते म्हणजे वेळ घालवण्याचं साधन, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. ज्यानं चाळीस हातांचा एक गंजिफा नीट खेळून पाहिला आहे, तो असं म्हणणार नाही.

हा खेळ इथला आहे आणि इथे आलेलाही आहे. बाबराच्या आत्मचरित्रात 1527 सालची एक छोटीशी नोंद आहे: सिंधमधल्या शाह हसनला गंजिफाची आवड होती, त्यानं मागणी केली म्हणून बाबरानं त्याच्याकडे गंजिफा पाठवला. हिंदुस्थानातला या खेळाचा हा पहिला पक्का उल्लेख मानतात. पानिपत जिंकून जेमतेम वर्ष झालेला बादशहा राज्याच्या घडामोडींबरोबर पत्ते पाठवल्याचंही टिपून ठेवतो, हे मला फार माणसासारखं वाटतं.

पुढे अकबराच्या काळात अबुल फज्लनं 'आईन-ए-अकबरी'त गंजिफावर सविस्तर लिहिलं. त्यानं जुन्या बारा रंगांच्या, एकशेचव्वेचाळीस पानांच्या खेळाचं वर्णन केलं आहे. त्यात अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती असे राजे आहेत. नौकांचा अधिपती आहे, वनांचा आहे, सापांचाही आहे. घोडदळ, हत्ती, पायदळ, किल्ले, खजिना, आरमार अशी एका राज्याची सगळी अंगं तिथे पत्त्यांत उतरलेली दिसतात. नंतर रूढ झालेला मोगली गंजिफा आठ रंगांचा, शहाण्णव पानांचा: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, कुमाश. मुकुट, रुपेरी नाणं, तलवार, चाकर, वाद्य, सोन्याचं नाणं, दस्तऐवज, कापडचोपड. एखाद्या दरबाराच्या कोठारातून आणि दफ्तरातून फिरून यावं तशी ही यादी आहे. अर्धे रंग सरळ आणि अर्धे उलटे मोजायची रीत याही खेळात आहे.

अबुल फज्लच्या यादीत अवतार कुठेच नाहीत. ते हिंदू दरबारांनी आणि त्यांच्या चित्रकारांनी आणले. खेळाचा सांगाडा तसाच ठेवला, राजा ठेवला, वजिराचा प्रधान केला, आणि बादशाही कोठाराच्या जागी विष्णूची दहा रूपं बसवली. हे काम फक्त सावंतवाडीत झालं नाही. बंगालात बिष्णुपूरच्या मल्ल राजांच्या आश्रयानं दशावतारी ताश झाले आणि तिथल्या फौजदार घराण्यानं ते आजवर रंगवले. ओडिशात पुरीजवळच्या रघुराजपूरला आणि इतर गावांत गंजप्पा झाला. म्हैसूरला मुम्मडी कृष्णराज वाडियार या राजानं एकोणिसाव्या शतकात स्वतः नवेनवे खेळ रचले. त्यांतला सर्वांत मोठा अठरा रंगांचा, तीनशेसाठ पानांचा! राज्यकारभार इंग्रजांनी काढून घेतल्यावर त्या राजानं आपली बुद्धी या पटांत आणि पत्त्यांत ओतली. इतकी गुंतागुंतीची रचना प्रत्यक्षात किती जण खेळले असतील याची मला शंका आहे. सावंतवाडीचा खेळ त्यामानानं आटोपशीर आणि माणसांच्या आवाक्यातला राहिला.

आणि इथे तो का रुजला हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दशावतार आम्ही पोथीत वाचायच्या आधी जत्रेत पाहतो. देवळासमोर रात्रभर चालणारं दशावतारी नाटक, पेटीवर आणि पखवाजावर रंगणारं युद्ध, पहाटेपर्यंत घोंगडी पांघरून बसलेली माणसं. तेच देव पावसाळ्यात डब्यातून निघून चटईवर यायचे. बाकी ऋतूंत ते रंगमंचावर, चातुर्मासात पानांवर. आजोंसारख्या माणसाला मत्स्य मोठा की वराह मोठा यावर वाद घालताना आपण देवांशी काही अनादरानं वागतोय असं कधी वाटलं नाही. उलट खेळताना इतक्या वेळा नाम घेतलं जातं याचं समाधानच होतं.

गंजिफा करणारे ते चितारी. सावंतवाडीतली चितार आळी त्यांच्या नावानं ओळखली जाते. आज तिथे लाकडी फळं, भातुकली, खेळणी मिळतात. चितारी हे केवळ पत्ते रंगवणारे नव्हते. देवळातलं रंगकाम, पाट, पाळणे, लाखकाम, मूर्ती असं सगळं त्यांच्याकडे असे. गंजिफा हे त्यांतलं सर्वांत बारीक काम.

त्याची रीत आजही साधारण तीच आहे, आणि ती पाहिल्यावर या पानांची किंमत जास्त का असते ते कळतं. चिंचोके भिजवून, सोलून, वाटून त्यांची खळ शिजवतात. तिनं कापडाचे किंवा कागदाचे थर एकावर एक चिकटवतात. त्यावर खडूच्या पुडीचा लेप देतात, वाळवतात, गुळगुळीत दगडानं घोटतात. मग गोल चकत्या कापायच्या, पार्श्वभूमीचा रंग द्यायचा, पाठ एकसारखी रंगवायची, नाहीतर पाठीवरच्या डागावरून पान ओळखता येईल आणि खेळ बिघडेल. पुढे बारीक कुंचल्यानं चित्र आणि शेवटी लाखेचा थर. पूर्वी हिंगूळ, हरताळ, काजळ असे रंग वापरत, आता तयार रंग आले आहेत. हे सगळं एकशेवीस वेळा. किनारीवर वेलबुट्टी असलेला नखरेल जोड म्हणजे दरबारी कलम, साधा आणि स्वस्त तो बाजार कलम. दरबारांसाठी हस्तिदंताचीही पानं होत. पण मला मोल वाटतं ते बाजार कलमाचं. बाजार कलम होतं, याचा अर्थ गिऱ्हाईक बाजारात होतं. राजवाड्याबाहेरच्या माणसांना हा खेळ विकत घ्यावासा वाटत होता.

मग तो गेला कसा?

एक कारण छापखान्याचं. बेल्जियम आणि इंग्लंडात छापलेले बावन्न पत्त्यांचे जोड एकोणिसाव्या शतकापासून हिंदुस्थानच्या बाजारात येऊ लागले. ते स्वस्त, एकसारखे, खिशात मावणारे, हातात पिसता येणारे. एका हातरंगवल्या गंजिफाच्या किमतीत असे कितीतरी जोड येत. चितारी हुशार होते. त्यांनी बदाम, इस्पिक, चौकट, किलवर गोल पानांवर रंगवून बावन्न पानांचा हातरंगवला जोडही करून पाहिला. तो आजही मिळतो आणि देखणा असतो. पण छापील स्वस्ताईपुढे त्याचा निभाव लागणं शक्य नव्हतं.

दुसरं कारण माझ्या मते जास्त खोल आहे. मेंढीकोटाला चौघं लागतात, बदाम सातला जितके जमतील तितके चालतात, रमीत मध्येच कुणी उठलं तरी डाव पुन्हा वाटता येतो. गंजिफा नेमकी तीन माणसं मागतो, त्यांचं अर्धी दुपार अखंड लक्ष मागतो, आणि तिघंही साधारण एका ताकदीचे असावे लागतात. आमच्या भागातली तरणी माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत गेली. तिथल्या खोल्यांत रात्रपाळी आणि दिवसपाळीच्या मधल्या वेळात पत्त्यांचे डाव रंगले, पण ते बावन्न पानांचे. गावी उरलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकजण गेला की तिघांचा डाव मोडतो. आमच्या पडवीत तेच झालं. पुराणिकबुवा गेले त्या पावसाळ्यापासून डबा कपाटावर गेला. आजोंनी आम्हा नातवंडांना शिकवायचा प्रयत्न केला. आम्ही शिकलो, पण आम्हाला अभ्यास होता, नंतर नोकऱ्या होत्या.

1948 साली संस्थान विलीन झालं आणि दरबारी गिऱ्हाईकही संपलं. काही वर्षांत गंजिफा रंगवणारा हात शोधावा लागेल अशी वेळ आली. तो शोध घेतला सावंतवाडीच्याच राजघराण्यानं. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले या दांपत्यानं पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराला गाठलं. सत्वशीलादेवींनी त्यांच्याकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली, आणि सत्तरच्या दशकात 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' उभं राहिलं. स्थानिक तरुण मुलंमुली राजवाड्याच्या दरबार दालनात बसून रंगवू लागली. जिथे एकेकाळी मुजरे होत तिथे बैठ्या मेजांवर रंगाच्या वाट्या मांडल्या गेल्या. पर्यटक येऊन बघत, विकत घेत. सत्वशीलादेवी 2018 साली गेल्या, काम चालू आहे. एका राजमातेनं शिकवणाऱ्यासमोर बसून कुंचला धरणं, आणि तेही पिढीजात कसब लयाला जाण्याच्या अगदी उंबरठ्यावर, याबद्दल सावंतवाडीनं त्यांचं कायम ऋणी असलं पाहिजे.

बाहेरच्यांनीही हातभार लावला. मुंबईत राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरातले गंजिफा जमवले, त्यांवर अभ्यासपूर्ण लिहिलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय पत्त्यांचं प्रदर्शन झालं, त्याला त्यांच्या अभ्यासाचा आधार होता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुने गंजिफा पाहायला मिळतात. आणि 2024 साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं.

हे सगळं झालं आणि ते सगळं चित्राचं झालं. मानांकन पानाला मिळालं. प्रशिक्षण रंगवण्याचं होतं. दहा राजांची पानं सुटी विकली जातात, कारण चौकटीत तीच शोभतात. एकशेवीस पानांचा पूर्ण जोड घेणारे थोडे. कारागीर मुलींना मी विचारलं आहे. हात इतका सुंदर, की नरसिंहाच्या आयाळीचा एकेक केस मोजावा, पण डाव त्यांच्यातल्या फार थोड्यांना येतो. त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. त्यांना कुणी डावाला बसवलंच नाही. मला भीती वाटते ती अशी, की जो कधी खेळला नाही तो पुढे सत्तीवर सहाच बाण काढेल, पाठीवर सही करेल, दोन रंगांच्या पार्श्वभूमी जवळजवळ सारख्या ठेवेल, आणि विकत घेणाऱ्याच्याही ते लक्षात येणार नाही. पानाचं सौंदर्य डावाच्या गरजेतून आलेलं आहे. डाव काढून घेतला तर ते हळूहळू सैल पडणार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जोडाबरोबर मराठीत छापलेला नियमांचा कागद असावा. हातरंगवल्या जोडाशेजारी जाड पुठ्ठ्यावर छापलेला स्वस्त जोड विकायला ठेवावा, नव्या काळचं बाजार कलम म्हणून. हातकामाचं गिऱ्हाईक त्यानं तुटणार नाही. ज्याला डावाची गोडी लागेल तो कधीतरी खरा जोड घ्यायला येईलच. आणि रंगकामाच्या वर्गात आठवड्यातला एक तास पानं वाटून डावाला बसायचा असावा.

आमच्या घरी आम्ही सुरुवात केली आहे. आजोंच्या पानांच्या कडा उडाल्या आहेत, लाख तडकली आहे, म्हणून गावातल्या छापखान्यातून त्यांची नक्कल छापून घेतली. रविवारी दुपारी माणसं जमतात. एक निवृत्त परिचारिका, बँकेत नोकरी करणारं एक जोडपं, माझा भाचा, महाविद्यालयात शिकवणारी एक तरुण मुलगी. तिघं खेळतात, बाकीचे मागे बसून बघतात आणि गप्प राहण्याचा प्रयत्न करतात. ते कुणालाच जमत नाही. परिचारिकाबाईंची स्मरणशक्ती पुराणिकबुवांच्या तोडीची आहे. औषधांच्या वेळा लक्षात ठेवून ठेवून ती तयार झाली असं त्या म्हणतात. भाच्याला उलट्या रंगांचा अजून राग येतो, "दश्शी असून हरायचं म्हणजे काय, मावशी?" पण तोच सर्वांत आधी येऊन सतरंजी घालतो.

अलीकडे आमच्यात एक मोठा वाद झाला. डाव वाटायला संध्याकाळ झाली, सूर्य बुडालेला पण उजेड आहे. उतारी रामाची की कृष्णाची? बँकवाले म्हणाले, उजेड आहे तोवर राम. परिचारिकाबाई म्हणाल्या, देवापाशी दिवा लागला की कृष्ण. बराच वेळ दोन्ही बाजूंनी पुरावे आले, पुराणं आली, मोबाइलवर सूर्यास्ताची वेळही पाहून झाली. मग ती तरुण मुलगी म्हणाली, दिवसही नाही आणि रात्रही नाही, अशा वेळी खांबातून कोण आलं होतं? सगळे एकदम तिच्याकडे बघायला लागले. हा नियम कुठल्या जुन्या कागदात नाही, आजोंनीही कधी सांगितला नव्हता. तिघांनी आपापली पानं पुन्हा चाळली, आणि भाच्यानं नरसिंह उतरला.